बावीस पायऱ्यांचा इतिहास

आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्नेहमेळाव्याचं निमंत्रण पडलं, त्या दिवशी मेसेजचा नुसता पाऊस पडला. कुणी जुने फोटो टाकले, कुणी मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांची आठवण काढली, कुणी गणिताच्या सरांच्या छडीची. त्या गर्दीत एका मैत्रिणीचा एका ओळीचा मेसेज होता, "कार्यक्रम कितव्या मजल्यावर आहे?"

कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सभागृहात ठरला होता. तसं कुणीतरी कळवलं आणि लगेच दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, "काळजी कशाला करतेस? उचलून नेऊ की, पूर्वी नेत होतोच!" सगळ्यांनी अंगठे दाखवले. तिनं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय संपला.

त्या रात्री मी तिला फोन केला. स्मरणिकेसाठी माझ्याकडे इतिहासावर लेख मागितला होता आणि मी शाळेच्या इमारतीचा इतिहास लिहिणार होते. फोननंतर विषय बदलला. इमारतीचा इतिहास आहेच, पण तो एका जिन्यापुरता. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव घालू नकोस असं तिनंच सांगितलं. आपल्या वर्गातल्या कुणालाही नावाची गरज पडणार नाही.

ती दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर, काखेत दोन कुबड्या. पाचवी ते आठवीचे वर्ग खाली होते, त्यामुळे चार वर्षं काही अडलं नाही. जून १९९४ मध्ये आपण नववीत गेलो. नववी-दहावी वरच्या मजल्यावर. पायऱ्या बावीस, कठडा एकाच बाजूला. मग आपण पाळ्या लावल्या. दोघींनी हातांची पालखी करायची, तिसरीनं कुबड्या घ्यायच्या, चौथीनं दप्तर. पी.टी.चे सर दिसले की तेही हात लावायचे. प्रार्थनेनंतर वर, शाळा सुटली की खाली. आपल्याला त्याचा अभिमान होता. वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाचं कौतुक केलं होतं, आठवत असेल.

फोनवर ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या चांगल्याच होतात गं. पण मी त्या वर्षी सकाळपासून पाणी प्यायचे नाही." मला आधी कळलंच नाही. मुलींचं शौचालय खाली होतं. मधल्या सुट्टीत पुन्हा चौघींना गोळा करून खाली न्या म्हणायचं, पुन्हा वर आणा म्हणायचं, याची तिला लाज वाटे. म्हणून ती पाणीच पीत नसे. एकाच बाकावर बसून मला हे तीस वर्षं माहीत नव्हतं.

भाद्रपदातल्या पावसात पायऱ्या ओल्या होत्या. पालखी करणाऱ्या दोघींपैकी एकीचा पाय घसरला. ती एक मी होते. तिघी पडलो, लागलं फक्त तिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. परवा तिनं मला तिच्या दाखल्याचा फोटो पाठवला. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात लिहिलं आहे, "पालकांच्या विनंतीवरून".

तो रकाना वाचला आणि वाटलं, त्या वर्षी तिच्यासारख्या मुलांसाठी सरकारदरबारी नेमकं काय होतं ते बघावं. माझी समजूत होती की तेव्हा काहीच नसणार. ती समजूत चुकीची निघाली.

आधी वेगळ्या शाळा

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात वेगळ्या शाळांनी झाली. मुंबईत १८८५ मध्ये मूकबधिर मुलांची शाळा निघाली. १८८७ मध्ये अमृतसरला अंध मुलांची शाळा झाली, ती देशातली पहिली मानतात. १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी मुंबईत अंधांची शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा. पोलिओ झालेल्या मुलांसाठी फातेमा इस्माइल यांनी १९४७ मध्ये मुंबईत उपचारांचं आणि व्यायामाचं केंद्र सुरू केलं. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर त्या या कामात पडल्या होत्या.

यातलं प्रत्येक काम मोठं आहे. पण या संस्था शहरात होत्या, अनेक ठिकाणी मुलांनी वसतिगृहात राहायचं असे, आणि त्या देणग्यांवर, कुणाच्या तरी तळमळीवर चालत. आपल्या तालुक्यातल्या मुलाला तिथं जायचं तर आई-बाप, भावंडं, गाव सोडावं लागे. मुलीला तर कुणी पाठवतच नसे. शिवाय आपल्या मैत्रिणीला वेगळी लिपी नको होती, वेगळा अभ्यासक्रम नको होता. आपण जे शिकत होतो तेच तिला शिकायचं होतं. अडचण फक्त ते वरच्या मजल्यावर शिकवत होते, एवढीच होती.

मग नेहमीच्या शाळा, कागदावर

अशा मुलांचं शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असला पाहिजे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९४४ च्या सार्जंट अहवालात तो आहे. १९६४ ते १९६६ मध्ये काम केलेल्या कोठारी आयोगानं तो अधिक ठामपणे मांडला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. अशा मुलांचं शिक्षण केवळ माणुसकीपोटी नको, ती मोठेपणी उपयोगी नागरिक होतील यासाठी हवं, असं आयोगाचं म्हणणं होतं. १९८६ पर्यंत अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग मुलांपैकी १५ टक्के मुलं शिकती व्हावीत, असं उद्दिष्टही त्यांनी ठेवलं. शंभरातली पंधरा, आणि तेही वीस वर्षांनी. त्यावरून तेव्हा शून्याच्या किती जवळ होतो हे कळतं.

१९७४ मध्ये केंद्र सरकारनं अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. अपंग मुलाला नेहमीच्या शाळेत शिकवायचं आणि त्यासाठी शाळेला मदत द्यायची, अशी ही पहिली केंद्रीय योजना. सुरुवातीला ती समाजकल्याण खात्याकडे होती. १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. हा बदल दिसायला फायलींचा आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. अपंग मूल म्हणजे कल्याणाचा विषय, असं आठ वर्षं चाललं. त्यानंतर ते निदान कागदावर तरी विद्यार्थी झालं.

१९९२ मध्ये या योजनेचे दर सुधारले. पुस्तकं-वह्यांना वर्षाला ४०० रुपये, गणवेशाला २०० रुपये, प्रवासाला महिन्याला ५० रुपये. अंध मुलाला पाचवीनंतर वाचून दाखवणाऱ्यासाठी महिन्याला ५० रुपये. ज्यांना पायांनी चालणं फार कठीण आहे अशा मुलांच्या सोबत्यासाठी महिन्याला ७५ रुपये. दर आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक. आणि याच योजनेत शाळेच्या इमारतीतले अडथळे दूर करण्यासाठीही मदत होती.

म्हणजे आपण बावीस पायऱ्या चढत होतो तेव्हा ही योजना वीस वर्षांची होती, आपल्यापेक्षाही सहा वर्षांनी मोठी. फक्त तिच्यासाठी शाळेकडून प्रस्ताव जावा लागे. अशी काही योजना आहे हे आपल्या शाळेत तेव्हा किती जणांना ठाऊक होतं? मी आपल्या दोन शिक्षकांना विचारलं. दोघांनीही प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही गं, तेव्हा असं काही आमच्यापर्यंत आलंच नाही." बी.एड.च्या अभ्यासातही त्यांना याबद्दल काही शिकवलेलं आठवत नव्हतं.

असं काम होऊ शकत होतं याचा पुरावा मात्र कोल्हापुरात होता. नसीमा हुरजूक यांना ऐन तरुणपणाच्या उंबरठ्यावर कमरेखालचं अपंगत्व आलं. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. मुलांनी शिकायचं तर आधी राहायची सोय हवी, चाकाची खुर्ची हवी, ती खुर्ची जिथं जाईल अशी इमारत हवी, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांचं आत्मचरित्र 'चाकाची खुर्ची' आपल्या शाळेच्या ग्रंथालयात आज आहे.

आपलं दहावीचं वर्ष

यानंतरच्या तारखा मी आपल्या वह्यांवरच्या तारखांशी जुळवून पाहिल्या आणि जरा वेळ गप्प बसले.

जून १९९४ मध्ये, म्हणजे आपण नववीत गेलो त्याच महिन्यात, स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले होते. शाळेनं प्रत्येक मुलाला सामावून घ्यायचं, मुलानं शाळेला नाही, असा जाहीरनामा तिथं निघाला. तिथं तो वाचला जात होता तेव्हा इथं आपण पालखीच्या पाळ्या ठरवत होतो.

डिसेंबर १९९५ मध्ये जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत निदर्शनं केली. स्वतः अपंग असलेली माणसं रस्त्यावर आली होती. त्याच महिन्यात संसदेनं अपंग व्यक्तींचा कायदा मंजूर केला. तो लागू झाला ७ फेब्रुवारी १९९६ रोजी. आपली दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. आपल्या सेंड-ऑफच्या धामधुमीत देशात पहिल्यांदा असा कायदा आला की अपंग मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, आणि शाळेच्या इमारतीतले अडथळे काढण्यासाठी सरकारनं योजना केली पाहिजे. तोवर तिला शाळा सोडून सव्वा वर्ष झालं होतं.

त्याच १९९६ मध्ये महाराष्ट्रानं आणखी एक गोष्ट केली, ती फारशी कुणाला आठवत नाही. वाचन, लेखन किंवा गणित यांतली अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात झाली. जादा वेळ, लेखनिक, एका भाषेऐवजी दुसरा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. शेवटच्या बाकावरचा आपला एक मित्र आठवतो? तोंडी विचारलं की सगळं यायचं, लिहायला घेतलं की अक्षरांची उलटापालट. त्यानं आठवीत किती मार खाल्ला! त्याला आपण 'ढ' म्हणायचो. आज तो तीन ट्रक चालवतो आणि हिशेब तोंडी सांगतो. त्याला काय होतं हे मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या वेळी ते तपासायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नाही, एवढं नक्की.

त्यानंतरची तीस वर्षं

पुढचा प्रवास वेगानं झाला. सर्व शिक्षा अभियानात, साधारण २००१ पासून, कोणत्याही मुलाला शाळेनं नाकारायचं नाही असं धोरण आलं आणि अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १२०० रुपयांपर्यंत तरतूद झाली. गट साधन केंद्रातून शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक आले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. इमारत अडथळ्याविना असणं हा त्यानं शाळेच्या मान्यतेचाच निकष केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं आधीचे सात प्रकार वाढवून एकवीस केले, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे शाळेचं कर्तव्य ठरवलं. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक. हे सांगायला न्यायालय लागलं, कारण या शिक्षकांची पुरेशी पदंच भरलेली नव्हती आणि अनेक जण वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करत होते.

दरम्यान पोलिओही गेला. १३ जानेवारी २०११ नंतर देशात त्याचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. कॅलिपर घातलेली मुलं आता वर्गात क्वचितच दिसतात. अपंगत्व गेलं असं मात्र नाही, त्याची रूपं बदलली.

जिन्याचं गणित

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सवयीनं गणित मांडलं. एक पायरी सहा इंच धरली तर बावीस पायऱ्यांची उंची ११ फूट. उताराचा नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत १३२ फुटांचा उतार लागला असता. पालिकेच्या शाळेला तो परवडला नसता, मान्य. पण त्याची गरजच नव्हती. खाली पाचवीच्या दोन तुकड्या होत्या. एक तुकडी वर आणि आपला वर्ग खाली, एवढंच करायचं होतं. खर्च शून्य रुपये. वेळापत्रकातली एक ओळ.

ती ओळ कुणी बदलली नाही याचं कारण शोधताना मी सरकारपासून निघाले आणि आपल्यापाशी येऊन थांबले. आमच्या धंद्यात एक अनुभव नेहमी येतो. एखाद्या दोषावर कुणी जुगाड शोधून काढला की मूळ दोष दुरुस्त करायचं कुणी मनावर घेत नाही. काम चाललंय ना, मग फाईल बंद. आपली पालखी हा तो जुगाड होता. आपण उचलत होतो म्हणून कुणालाच जिना दिसला नाही. शाळेला नाही, तपासणीच्या साहेबांना नाही, आपल्यालाही नाही. सगळ्यांना दिसल्या त्या चार गुणी मुली.

आपल्या मायेला मी नावं ठेवत नाही. ती म्हणालीच, "तुम्ही नसतात तर मी जूनमध्येच सुटले असते, दिवाळीपर्यंत तरी कशाला टिकले असते?" पण पुढे असंही म्हणाली, "रोज घरून निघताना एकच विचार असायचा, आज कुणी आजारी नसू दे." मायेवर शाळा चालते, पण माया गैरहजर राहू शकते. तिला ताप येतो, तिचा पाय घसरतो. एकशे दहा वर्षांच्या या इतिहासात, १८८५ पासून आपल्या वर्गाच्या निरोप समारंभाच्या आदल्या वर्षापर्यंत, सगळी वाटचाल त्या मायेच्या जागी हक्क यावा याचीच होती, असं मला आता वाटतं. फक्त तो हक्क आपल्या जिन्यापर्यंत वेळेत पोचला नाही.

पुढचं अनेकांना माहीत आहे. तिनं १७ नंबरचा फॉर्म भरला, घरी अभ्यास केला, १९९८ मध्ये दहावी झाली. बी.कॉम. बहिस्थ केलं. आज ती पतसंस्थेत आहे आणि तिच्या शाखेला तळमजल्यावर जागा मिळाली ती तिनं तीन अर्ज लिहिल्यावर.

आज आपल्या शाळेत

दिवाळीत गावी आले तेव्हा मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी आपुलकीनं शाळा दाखवली. दारातल्या तीन पायऱ्यांवर आता उतार आहे, पण तो सात फुटांचा. दीड फूट उंचीला अठरा फूट हवा. मुलं त्याचा घसरगुंडीसारखा उपयोग करतात. दांड्या बसवलेलं शौचालय आहे, पण त्यात खराटे आणि खेळाचं साहित्य ठेवलेलं आहे. गट साधन केंद्रातून एक विशेष शिक्षिका येतात. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा आहेत, त्यामुळे महिन्यातून दोनदा. नववी अजून वरच आहे. आणि सातवीत एक मुलगा वॉकर घेऊन येतो.

मी विचारलं, "सर, तो नववीत गेल्यावर?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "त्याचे मित्र फार चांगले आहेत हो, त्याला कुठं कमी पडू देत नाहीत." मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "लिहून ठेवतो." त्यांनी खरंच डायरीत लिहिलं, मी पाहिलं.

बॅचच्या वर्गणीतून शाळेला वॉटर कूलर द्यायचं ठरतं आहे. माझी विनंती आहे की आधी तो सात फुटांचा उतार अठरा फुटांचा करू या आणि त्या शौचालयातलं सामान ठेवायला एक कपाट देऊ या. पाणी प्यायचं की नाही हे मुलीला ठरवता आलं, की मग कूलरला अर्थ आहे. आणि पुढच्या जूनमध्ये, त्याच्या पुढच्या जूनमध्येही, आपल्यापैकी कुणीतरी शाळेला फोन करून एवढंच विचारू या की यंदा नववी कुठं बसते?

आपल्या सर्व गुरुजनांना नमस्कार. तुम्ही शिकवलंत म्हणून हे गणित मांडता आलं. यात कुठं बोचलं असेल तर विद्यार्थिनी म्हणून माफ करा.

आणि मित्रमैत्रिणींनो, समितीनं स्नेहमेळाव्याची जागा बदलली आहे. सभागृह नाही, मैदानात मांडव आहे. ती येणार आहे, सकाळी साडेनऊला, स्वतःच्या चारचाकीनं. तिला उचलायला कुणी धावू नका. बाजूला खुर्ची ओढून बसा आणि गप्पा मारा.